जिभल्याचं धोतर

जुन्या डोंबिवलीच्या खाडीकडच्या वस्तीत तिशीच्या आतलं जे माणूस दिसे, ते बहुतेक रंगूबाईच्या हातावर जन्मलेलं असे. या सगळ्यांना तिनं पहिल्या घटकेला उघडंनागडं, भोकाड पसरताना पाहिलेलं. त्यामुळे पुढे कोणी डोक्याला फेटा बांधला काय की पंचायतीत जाऊन बसला काय, तिला त्याचं दडपण येत नसे. देवांच्या बाबतीतही तिचा स्वभाव असाच होता. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि पोराच्या कपाळावर नशीब लिहून जाते, हे तिला मान्य होतं. पण तिची स्वतःची दोन पोरं पाचवी पुजल्यावर आठवड्याच्या आत गेली, तेव्हापासून सटवाईचं नाव निघालं की ती म्हणायची, "तिचं अक्षर वाईट हाय. लहानपनी मास्तरानं छड्या मारल्या असत्या तं बरं झालं असतं."

नवरा मिठागरात कामाला होता, तोही वारला. घरात ती आणि धाकटा भाऊ धाकू, दोघंच. धाकू लढाईच्या काळात पलटणीच्या लंगरखान्यात होता. तीन वर्षं मिसर देशात रोट्या भाजून तो परत आला, तेव्हा त्याच्याकडे दोन गोष्टी होत्या: तोडकीमोडकी अरबी आणि वीतभर उंचीचा एक काळपट दगडी बाहुला.

हा बाहुला कैरोच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं त्याच्या गळ्यात मारला होता. राजाच्या थडग्यातून काढलेला आहे, चार हजार वर्षांचा आहे, अशी दाढीला हात लावून शपथ घेऊन. "थडग्यातला व्हता तं त्याच्या बाजूला तसंच आनखी चालीस कसं मांडलं व्हतं?" असं धाकू स्वतःच सांगून हसायचा. बुटका, फेंगड्या पायांचा, पोट सुटलेलं, तोंडाभोवती सिंहासारखी आयाळ, डोक्यावर पिसांचा तुरा, अंगावर चिंधी नाही, आणि हनुवटीपर्यंत बाहेर काढलेली जीभ. रंगूबाईनं तो हातात घेतला, उलटासुलटा केला, वजन पाहिलं. बूड चांगलं सपाट होतं. सुंठ ठेचायला तिला असंच काहीतरी हवं होतं. तिनं तो आपल्या बाळंतपणाच्या पिशवीत टाकला, आणि पुढे सहा-सात वर्षं तो इमानानं सुंठ ठेचत राहिला.

त्रेपन्न सालच्या श्रावणात तिला स्टेशनकडच्या नव्या घरांतून बोलावणं आलं. तिकडे तेव्हा पुण्याकडची, कोकणातली नोकरदार माणसं येऊन राहू लागली होती. बोलावणारे होते अण्णा. इतिहास शिकवून निवृत्त झालेले मास्तर, धोतर-कोट, बोलणं छापल्यासारखं. त्यांची सून सुमती काल दुपारपासून अडली होती. ठरवलेल्या नर्सबाई माहेरी गेलेल्या, डॉक्टर ठाण्याला.

"आम्ही तुम्हाला बोलावलं नसतं," अण्णा दारातच म्हणाले, "पण प्रसंग तसा आहे."

"मना कोन हौसेनं बोलवत नाय," रंगूबाई म्हणाली आणि आत गेली.

सुमती वीस वर्षांची होती. तिच्या सासूनं तिला बजावलं होतं की शेजारी ऐकतात, ओरडायचं नाही. ती ओरडत नव्हती. दात आवळून, मुठी वळून, छताकडे बघत पडली होती, आणि सगळं अंग लाकडासारखं कडक झालं होतं. रंगूबाईनं पोट चाचपलं. पोर सरळ होतं, ठोका चांगला होता. अडलं होतं ते पोरीच्या भीतीपायी. तिनं सासूला पाणी तापवायला पिटाळलं आणि कोपऱ्यात बसून सुंठ ठेचायला घेतली.

थोड्या वेळानं सुमतीनं मान वळवली. "ते काय आहे हातात?"

"ह्यो? ह्यो आमचा सुंठीवाला." रंगूबाईनं बाहुला तिच्याकडे वळवला.

सुमती त्याच्याकडे बघत राहिली. त्या फेंगड्या पायांकडे, त्या पोटाकडे, त्या जिभेकडे. "तो मला वेडावून दाखवतोय," ती म्हणाली.

"मंग तू पन दाखव. तुझा सासरा बगत नाय."

पुण्याच्या त्या शहाण्या मुलीनं दाराकडे एकदा पाहिलं आणि जीभ बाहेर काढली. मग तिला हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून, आणि हसता हसता कळ आली तशी ती घशाच्या शिरा ताणून अशी ओरडली की बाहेर अण्णांच्या हातून पंचांग पडलं. रंगूबाईनं तिला उठवून उकिडवं बसवलं. पाऊण तासात मुलगी झाली.

बाळाची आंघोळ झाल्यावर अण्णा दाराशी आले. नातीकडे त्यांनी पाहिलंच, पण पाटाशेजारी सुंठीच्या चुऱ्यात उभ्या असलेल्या बाहुल्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. खिशातून चष्मा काढून पुन्हा पाहिलं. "हे तुमच्याकडे कुठून आलं?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी अण्णा कल्याणच्या वाचनालयात जाऊन बसले.

आठवड्यानं ते वस्तीत आले. रंगूबाई ओट्यावर सुकट निवडत होती. धाकूनं घोंगडी टाकली. अण्णा सुकटीच्या वासापासून हातभर सरकून बसले आणि कागद काढला.

"रंगूबाई, हा देव आहे. याचं नाव बेस. प्राचीन मिसरी लोकांचा. बाळंतिणीचं आणि तान्ह्या मुलांचं रक्षण करणं हे याचं काम. जीभ काढून, ढोल बडवून, नाचून हा भुताखेतांना पळवून लावतो."

रंगूबाईचा हात थांबला. "मी त्याच्या बुडानं सुंठ ठेचतंय."

"त्याला चालत असावं," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "त्यांच्या इतर देवांसारखी याला मोठी देवळं नव्हती. घराघरात असायचा. खाटेच्या पायावर, आरशाच्या मुठीवर याचं चित्र कोरत. आता तुमचा हा खरा जुना आहे की बाजारासाठी घडवलेला, हे मला सांगता येणार नाही. बहुधा नकलीच."

"पेनचं गनपती दरसाल नवंच बनवतात," रंगूबाई म्हणाली. "त्याना कोन नकली बोलत नाय."

अण्णांनी कागद मांडीवर ठेवला. तीस वर्षं वर्गात उलट प्रश्न करणाऱ्या मुलांना बाकावर उभं करणाऱ्या माणसाला, आपल्याला इथे मजा येते आहे, हे त्या क्षणी कळलं असावं. कारण मग ते दिवस कलेपर्यंत उठले नाहीत. त्यांनी मेंढ्याच्या तोंडाचा देव सांगितला, जो कुंभाराच्या चाकावर मातीची पोरं घडवतो आणि आयांच्या पोटात ठेवतो. ("आर्दी पोरं कच्ची का निंगतात त्ये आता कलालं," रंगूबाई म्हणाली.) शेणकिडा गोळी ढकलतो तसा सूर्य आभाळातून ढकलत नेणारा देव सांगितला. त्यावर धाकू खो खो हसला, तेव्हा बहिणीनं त्याला दटावलं: "आपला गनपती उंदरावर बसतं. हसतंस कोनाला?"

मिसरातल्या बाया विटांवर उकिडव्या बसून बाळंत होत आणि त्या विटांचीही एक देवी होती, हे ऐकल्यावर मात्र ती सुकट सोडून पुढे सरकली. "विटांवर? मंग त्यांना कलत व्हतं. तुमची ती नर्स बायांना आडवं पाडते. आडवं पडून पोर कसं येनार, चढावरनं?"

मग ओसायरिसची गोष्ट निघाली. त्याच्या भावानं त्याला मारून तुकडे तुकडे करून नदीत आणि रानात फेकले. त्याची बायको इसिस नावेतून गावोगाव फिरली, एक एक तुकडा गोळा केला, जोडला, कापडात गुंडाळला. "फक्त एक अवयव मिळाला नाही," अण्णा म्हणाले आणि खाकरले. "तो... नदीतल्या माशानं खाल्ला होता."

"कनचा अवयव?"

अण्णा कागदात बघू लागले.

"असं व्हय," रंगूबाई म्हणाली. तिनं जरा विचार केला. "मंग तिना केलं काय?"

"तिनं तो नवा करून जोडला. आणि त्यानंतर तिला मुलगा झाला."

"केवडी हिकमतीची बाई." रंगूबाईनं कौतुकानं मान हलवली. "आनि मासा कनचा?"

"नाईल नदीतला कुठलासा. काही भागांतले लोक तो मासा खात नसत."

"वाया गेला बिचारा," धाकू म्हणाला.

शेवटी अण्णांनी मेल्यानंतरचा न्याय सांगितला. माणसाचं काळीज तराजूत घालतात, दुसऱ्या पारड्यात एक पीस. काळीज जड भरलं तर मगरीच्या तोंडाचं एक जनावर ते गिळून टाकतं.

"आनि ज्या बाया बालंतपनात जातात त्यांचं?" रंगूबाईनं विचारलं.

अण्णांनी कागद उलटून पाहिला. तिथं काही लिहिलेलं नव्हतं. "ते मी वाचलं नाही," ते म्हणाले, आणि पुढच्या खेपेला बघून येईन असं कबूल करून गेले.

सुमतीचं हसणं तिच्या शेजारणींनी ऐकलेलं, अण्णांचं सांगणं धाकूनं वस्तीभर केलेलं. दिवाळीपर्यंत त्या दगडाला नाव पडलं: जिभल्या. बाया कळा सुरू झाल्या की आधी जिभल्या मागायच्या, मग गरम पाणी. कोणी त्याला मुठीत आवळून धरी, कोणी त्याला नवऱ्याचं नाव घेऊन शिव्या घाली, कोणी नुसतीच बघून हसे. रंगूबाईनं कोणालाही थांबवलं नाही. हसणाऱ्या बाईचं अंग सैल पडतं, हे तिला देवानं नाही, हातांनी शिकवलं होतं. ती स्वतः त्याला हात जोडत नव्हती. सुंठ ठेचणंही तिनं सोडलं नाही.

शिमग्याच्या आधी लक्ष्मी गेली. मिठागरावरच्या मजुराची बायको, चौथी खेप. पोर सुखरूप झालं आणि मागून रक्त सुरू झालं ते थांबेना. रंगूबाईनं पोट दाबलं, होतं ते सगळं केलं. कल्याणच्या इस्पितळात न्यायला गाडी जुंपली, पण गाडी पत्रीपुलाच्या अलीकडे असतानाच लक्ष्मीचा हात तिच्या हातात थंड पडला. दुसऱ्या हातात जिभल्या होता. तिची बोटं सोडवून रंगूबाईनं तो काढून घेतला.

घरी येऊन तिनं त्याला फळीवर भिंतीकडे तोंड करून उभा केला. "रहा तिकडंच," ती म्हणाली. "जीभ भिताडाला दाखव." दोन दिवस ती जेवली नाही. धाकूनं भाकरी पुढे ठेवली की ती सरकवून देई.

वस्तीत मात्र लक्ष्मीच्या जाण्याचा वेगळाच अर्थ लागला. तो लावला भिवा भगतानं. गावदेवीचा भगत, मंगळवारी त्याच्या अंगात यायचं. भिवा म्हणाला, एवढा परदेशी देव, समुद्र ओलांडून आपल्या गावात आला, आणि त्याला ठेवलाय कुठं? सुईणीच्या पिशवीत. विटाळात. त्याच्या बुडानं सुंठ ठेचतात. कोप होणार नाही तर काय होणार? हे काळुराम पाटलाला पटलं. काळुरामची स्टेशनकडची शेतं प्लॉट पडून गेली होती, हाताला काम उरलं नव्हतं आणि देऊळ बांधायची हौस फार दिवस मनात होती.

दोघं मिळून रंगूबाईकडे आले. ती म्हणाली, "त्याला देवूल नाय लागत. अण्णाना इचारा."

"अण्णाना पुस्तकातलं कलतं," काळुराम म्हणाला. "देवाचं आमी बगू. तुझं नाव पाटीवर टाकू, काकी."

"माझं नाव टाकून काय करू, मना वाचता येत नाय."

तिनं दिला नाही. पण जिभल्या कागदोपत्री नसला तरी धाकूचा होता, आणि धाकूला त्यांनी पहिल्या आरतीचा मान कबूल केला. लढाईवरून आल्यापासून त्याला कोणी कसला मान दिला नव्हता. बहीण वेखंड आणायला बाजारात गेली असताना त्यानं फळीवरून जिभल्या उचलला आणि पाटलाच्या घरी पोचता केला. तेव्हापासून रंगूबाई त्याला जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. काही सांगायचं असलं तर मांजराला सांगायची.

चैत्रात, गावदेवीच्या जत्रेच्या दिवशी सकाळी, देवीच्या देवळाशेजारी बांधलेल्या घुमटीत जिभल्याची स्थापना झाली. नागडा देव चारचौघांत कसा बसवायचा म्हणून त्याला जरीकाठी धोतर नेसवलं. वीतभर देवाला धोतर नेसवणं सोपं नव्हतं. पोट मोठं, कंबर नाही, ते सारखं घसरायचं. शेवटी मागून दोरा आवळला. दारावर रंगवलेली पाटी लागली: विटाळशी, बाळंतीण, आणि पाचवा महिना लागलेल्या बायांनी आत येऊ नये.

रंगूबाईनं पाटीवर काय आहे ते सुमतीकडून वाचून घेतलं. सुमती मुलीला कडेवर घेऊन जत्रा बघायला आली होती. "मग आत जाणार कोण?" सुमतीनं विचारलं.

"बाप्ये," रंगूबाई म्हणाली. "त्याना कला येतात ना."

अण्णांना विद्वान म्हणून हार घालून बसवलं होतं. त्यांनी उभं राहून स्पष्ट सांगितलं की या देवाची जागा बाळंतिणीच्या खोलीत आहे, याला शुद्ध-अशुद्ध काही नाही, आणि वस्त्र तर मुळीच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ढोल सुरू झाले आणि भिवा भगताच्या अंगात जिभल्या आला. भिवानं पाय फेंगडे केले, जीभ बाहेर काढली आणि घुमू लागला. बाया पाया पडल्या.

धाकूचे डोळे भरून आले. देव बोलतोय म्हटल्यावर त्याच्याशी त्याच्या मुलखाच्या भाषेत चार शब्द बोलावेत, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. तो पुढे झाला, कपाळाला हात लावून म्हणाला, "सलाम आलेकुम. इस्मक ए?"

भिवा घुमत राहिला.

"इस्मक ए?" धाकूनं पुन्हा विचारलं. मग लोकांकडे वळून म्हणाला, "नाव इचारतंय मी. देवाला सोताचं नाव सांगता येत नाय." त्याचा चेहरा पडला होता. ढोलवाल्यांचे हात सैल झाले. भिवानं एक डोळा उघडला.

अण्णांना चुकीचं काही कानावर पडलं की राहवत नसे. ते जागेवरून म्हणाले, "धाकू, अरबी भाषा त्या देशात फार नंतर आली. या देवाच्या काळी ती नव्हतीच. त्याला ती समजणार नाही."

लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. ढोल दुप्पट जोरानं सुरू झाले. भिवानं अण्णांकडे कृतज्ञतेनं पाहिलं आणि पुन्हा जीभ बाहेर काढली. रंगूबाई एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की लक्ष्मी गेल्यापासून आपण पहिल्यांदा हसतोय. ती उठून घरी गेली.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. बायांची बाळंतपणं होत होती, रंगूबाई सुंठ वरवंट्यानं ठेचत होती. घुमटीत सकाळ-संध्याकाळ आरती होई. भिवा नवसाचे नारळ फोडी. नवस करायला पुरुषच येत, ते कोर्टातल्या दाव्यांसाठी आणि हरवलेल्या बैलांसाठी. जिभल्याला बैलातलं काय कळत होतं कोण जाणे.

भातकापणीच्या दिवसांत, टळटळीत दुपारी, पाटलीण स्वतः रंगूबाईच्या दारात आली. काळुरामची सून शेवंती अडली होती. रंगूबाई पिशवी घेऊन निघाली. तिथं गेल्यावर हात लावताच तिला कळलं: पोर पायाळू होतं. खाली डोकं नाही, पाय.

"कल्यानला न्यायाची गाडी जुंपून दारात ठेवा," तिनं बाहेर सांगितलं. "लागंल की नाय ते मागनं सांगतंय."

शेवंती अठरा वर्षांची, पहिलटकरीण. तिची आई तिच्याच वेळी बाळंतपणात गेलेली, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. ती घामानं निथळत होती, खाटेची कड दोन्ही हातांनी धरून मागे मागे सरत होती. "मना जिभल्या पायजे," ती म्हणाली. "काकी, लक्षुमीला दिलता. सगल्याना दिलता. मना पन द्या."

लक्ष्मीचं काय झालं ते रंगूबाईच्या ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं. पोरीला तो हवा होता, आणि तिचं अंग सैल व्हायला दुसरं काही दिसत नव्हतं. ती उठून ओसरीवर आली. काळुराम खांबाला टेकून उभा होता, फेटा काखेत.

"तुझ्या सुनेला तुझा देव पायजे," ती म्हणाली.

"तो देवलात हाय."

"मना ठावं हाय कुठं हाय. तूच ठेवलास."

"भिवा बाहेर काढाला देनार नाय, काकी. इटालात नेला तं परत बसवता येत नाय."

"मंग तिला देवलात नेतंय. पाटी तू वाच, मना वाचता येत नाय."

आतून शेवंतीची किंकाळी आली. काळुराम खांब सोडून चालू लागला. "आनि धोतर सोडून आन त्याचं," रंगूबाईनं मागून सांगितलं. "जरी टोचंल तिला."

घुमटीपाशी काय झालं ते तिला पुढे दहा जणांनी दहा तऱ्हांनी सांगितलं. एवढं खरं की भिवा दारात आडवा झाला आणि म्हणाला, देवाला सोयर लागेल. काळुराम म्हणाला, सरक. भिवा म्हणाला, नियम पाटलाचाच आहे. काळुराम त्याला ओलांडून आत गेला आणि जिभल्या उचलला. मागचा दोरा त्याला सुटेना. कापणीवरून परतणाऱ्या बायांनी पाहिलं ते असं: गावचा पाटील उघड्या डोक्यानं बांधावरून पळतोय, छातीशी देव, देवाचं जरीकाठी धोतर सुटून वाऱ्यावर मागे फडफडतंय, आणि त्या धोतराचं टोक धरायला भिवा भगत मागून धावतोय. शेवटी दोरा तुटला आणि धोतर भिवाच्या हातात राहिलं.

काळुरामनं दाराबाहेरून, मान वळवून, हात आत केला. रंगूबाईनं जिभल्या घेतला आणि शेवंतीच्या मुठीत दिला. शेवंतीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ती हसली नाही. पण मागे सरायची थांबली, आणि रंगूबाईनं सांगितलं तशी दोन पाटांवर पाय ठेवून उकिडवी बसली.

मग रंगूबाईनं काहीच केलं नाही, आणि तेच सगळ्यात कठीण होतं. पायाळू पोराला ओढलं की डोकं अडकतं. पाय आले, कंबर आली. तिनं गरम फडक्यात गुंडाळून नुसतं धरून ठेवलं. "आता नको जोर करू," ती म्हणत होती, "आता कर." एक हात अडकला होता, तो तिनं बोटानं पुसत पुसत खाली आणला. मग दुसरा. तिच्या मनगटातून कळा येत होत्या. शेवटच्या जोराला शेवंतीनं हातातलं होतं ते भिरकावून दिलं. जिभल्या दारातून बाहेर गेला, ओसरीवर आपटला आणि सासऱ्याच्या पायाशी गडगडत आला. त्याच क्षणी डोकं सुटलं.

मुलगी होती. निळसर, गप्प. रंगूबाईनं तिला पालथी घेऊन पाठ चोळली, तोंडातलं बोटानं काढलं, पुन्हा चोळली. मग पोरीनं बारीक, चिडका आवाज काढला आणि नंतर थांबलीच नाही.

दाराशी हालचाल झाली. काळुरामनं जिभल्या उचलून स्वतःच्या धोतराला पुसला होता. त्याच्या डोक्यावरचा पिसांचा तुरा तुटला होता. ज्या उंबऱ्याजवळ दहा दिवस पुरुषानं फिरकायचं नाही, त्याच्या आत काळुरामचा एक पाय आलेला होता. "काकी," तो म्हणाला, "मोडला."

"तुरा गेला. जीभ हाय ना?"

"हाय."

"मंग आन इकडं. आनि गाडी सोड, बैलांना पानी दाखव."

देवाला सोयर लागलं म्हणून भिवानं त्याला परत घ्यायचं नाकारलं. पुढे शुद्धी करून घेऊ म्हणाला, तर मोडकी मूर्ती पुजत नाहीत असं कोणीतरी काढलं. हे काढणारा काळुराम होता, असं पाटलीण सांगते. घुमटीत मारुती बसवला. तो कपडे घातलेलाच घेतला. दारावरची पाटी काळुरामनं स्वतः उतरवली. ती कोंबड्यांच्या खुराड्याला लागली.

धाकूनं बाराव्या दिवशी मांजराला सांगितलं की आपलं चुकलं. रंगूबाई भाकरी थापत होती. "त्याला सांग," ती मांजराला म्हणाली, "की सुकट जास्ती झालीय, घेवाला लाग." मग थेट त्याच्याकडे बघून म्हणाली, "नि परत माझ्या पिशवीला हात लावलास तं तुला त्या माशाला घालीन."

अण्णा तुरा मोडल्याचं बघून हळहळले. बाळंतपणात गेलेल्या बायांबद्दल त्यांनी कल्याणला तीन पुस्तकं पाहिली होती, कुठं नीट सापडलं नाही. ते तसं त्यांनी सांगितलं. रंगूबाई म्हणाली, लिहिणारे बाप्येच असतील. अण्णा म्हणाले, हो, बाप्येच. त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकून सुमतीनं लेकीच्या झबल्यात तोंड लपवलं.

कार्तिक संपता संपता एका सकाळी भिवा भगत ओट्याशी येऊन बसला. बसला आणि मिठागरात यंदा पाणी कधी घेणार ते बोलला, मग कोलिमाच्या सुकटीच्या भावाबद्दल बोलला. रंगूबाई फडकी उकळून वाळत घालत होती.

"माझी पोरगी माहेरपनाला आलीय," तो अखेर म्हणाला. "दिव्याच्या सासरवरनं."

"कितवा?"

"सातवा."

"पहिलाच?"

"दुसरा. पहिला राहिला नाय." भिवानं पायाखालची माती उकरली. "तिचा जीव धास्तावतंय. दोन घास पन जात नाय."

रंगूबाईनं शेवटचं फडकं झटकून दोरीवर टाकलं, ओले हात पदराला पुसले. "दुपारी येऊन पोट बगून जाईन," ती म्हणाली. "तिला सांग, जेवून घे. नि तू घरात घुमू नको, पोरगी घाबरंल."

भिवा मान हलवून उठला. दोन पावलं गेला, थांबला, दारातून आतल्या खुंटीवरच्या पिशवीकडे एकदा पाहिलं, आणि निघून गेला. रंगूबाईनं आत जाऊन सुंठ काढली, आणि ठेचायला पिशवीतून जिभल्या.